इंधनाचे पीक आणि बाईचा वाटा

आपल्या कॅम्प १ मध्ये शेत नाही. फाळणीनंतर लष्करी छावणीत निर्वासितांनी वसवलेले हे गाव कारखान्यांवर आणि दुकानांवर वाढले. मग ह्या अंकात शेतीधोरण कशाला, असे काही मैत्रिणी विचारतील. कारण साधे आहे. कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या पंपावर आपण स्कूटरमध्ये भरतो त्या पेट्रोलमध्ये २०२५ पासून सुमारे २० टक्के इथेनॉल असते, आणि ते शेतातून येते. कोणाच्या कष्टातून आणि कोणाच्या पाण्यातून, हे विचारायला आपण शेतकरीच असायला हवे असे नाही.

कोणते पीक घ्यावे हे सरकार हुकूम काढून सांगत नाही. भाव, कर्ज आणि खरेदीची हमी ह्यांतून सांगते. २००३ साली नियोजन मंडळाच्या समितीने पडीक जमिनीवर मोगली एरंड लावण्याची शिफारस केली. ज्या जमिनीला कागदावर ‘पडीक’ म्हणतात तेथूनच बायका सरपण आणि चारा आणतात, हे कोणी लक्षात घेतले नाही. उत्पन्नही अपेक्षेइतके आले नाही आणि ती योजना बारगळली. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर मात्र आसवन्यांना व्याजात सवलत मिळाली, तेल कंपन्यांचे खरेदीचे दर ठरले. मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे मिळू लागले आणि थोड्याच काळात मका उसाच्या पुढे गेला. धोरण वळले की पीक वळते, हे सिद्ध झाले आहे. प्रश्न ते कोणाकडे वळवायचे हा आहे.

महाराष्ट्रात इथेनॉल म्हणजे मुख्यतः ऊस, आणि ऊस म्हणजे ऊसतोड. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल नवऱ्याच्या हाती पडते. बाईच्या नावावर मजुरीची नोंदच नसते. खाडा झाला की दंड, म्हणून पाळीतही सुट्टी नाही. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्याची आकडेवारी आली: पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. हे इंधन स्वच्छ म्हणायचे का?

पाण्याचेही तसेच. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले त्या लातूर जिल्ह्यातही ऊस उभा असतो. विहीर आटली की हंडा कोणाच्या डोक्यावर येतो, हे सांगायला नको.

इथेनॉलला आमचा विरोध नाही. तेलाची आयात घटावी, शेतकऱ्याला भाव मिळावा, हे आम्हालाही हवे आहे. आणि पर्याय आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर अनेक वर्षे काम केले. कणसाचे दाणे खायला, धाटाचा रस अल्कोहोलला, उरलेले गुरांना. पाणी उसापेक्षा पुष्कळ कमी. त्या संस्थेने अल्कोहोलवर चालणारी शेगडीही केली, म्हणजे बाईच्या चुलीचाही विचार झाला. अडचण एवढीच की हा रस लवकर आंबतो, म्हणून गावाजवळ छोटी गाळप केंद्रे लागतात. २०१८ च्या धोरणात गोड ज्वारीचे नाव आहे; पण सवलतींचा ओघ ऊस आणि धान्याच्या आसवन्यांकडे गेला.

म्हणून आमच्या मागण्या अशा. दुष्काळी तालुक्यांत नव्या ऊस-आसवनीला सवलत देऊ नये. गोड ज्वारीला खरेदीची हमी द्यावी आणि गाळप केंद्रे बचत गटांना चालवायला द्यावीत. ऊसतोडीत प्रत्येक बाईची स्वतंत्र नोंद व्हावी, मजुरी तिच्या खात्यात जमा व्हावी. आणि सवलत घेणाऱ्या शेतकरी कुटुंबाच्या सातबाऱ्यावर बाईचेही नाव असावे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटदारांमध्ये स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’त जमीन बायकोच्या नावे करण्याचे आवाहन केले, ते पुरुषांच्या मर्जीवर सोडलेले होते. सरकारच्या सवलतीला अट घालता येते.

सवलतीचा पैसा सर्वांच्या करातून येतो, आपल्याही. तेव्हा तो कोणाच्या हाती पडतो हे शहरातल्या बायकांनीही विचारले पाहिजे.