युनेस्कोच्या यादीत रायगड आला, पण बिरवाडीत उतरणाऱ्या घाटवाटांचं काय?

११ जुलै २०२५ ला 'मराठा लष्करी भूप्रदेश' जागतिक वारसा यादीत गेला. १२ किल्ले, त्यात रायगड आणि प्रतापगड. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले.

नीट बघितलं तर यादीत आहेत ते किल्ले. देश आणि कोकण जोडणाऱ्या ज्या वाटांनी माणसं, मीठ, धान्य आणि निरोप जायचे, त्या वाटा नाहीत. आणि त्यातल्या कितीतरी वाटा महाड-पोलादपूरच्या वाड्यांमध्ये उतरतात.

महाडजवळची बिरवाडी आज एमआयडीसीमुळे माहिती असते. पण मागच्या डोंगरातल्या गावांची ती बाजारपेठ. पुणे जिल्ह्यातल्या केळदहून निघणारे उपांड्या आणि मढे घाट कर्णवडीच्या बाजूने इकडेच उतरतात. पलीकडे शेवत्या घाट आहे, शिवथरच्या अंगाला गोप्या घाट. महाड हे सावित्रीकाठचं जुनं बंदर, तिथला माल देशावर चढायचा तो अशाच वाटांनी. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून पोलादपूरच्या उमरठला मढे घाटातून नेला, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात.

आता मढे घाटात पावसाळ्यातला रविवार कसा असतो? पुण्याहून गाडी, धबधबा, फोटो, परत. कड्यावरूनच मागे फिरणारा माणूस खालच्या वाडीत चहासुद्धा पीत नाही. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे, तिथेही तसंच.

पायी सुट्टीचा हिशोब वेगळा असतो. दिवसभर चालायचं, रात्री गावात मुक्काम, सकाळी पुढचं गाव. स्पेनमधली कामिनो ही यात्रेची वाट १९९३ मध्ये आणि जपानमधल्या कुमानो कोदोच्या वाटा २००४ मध्ये यादीत गेल्या. तिथे वारसा म्हणून वाटच धरली आहे, आणि चालणाऱ्यांवर वाटेवरच्या खाणावळी चालतात. वारी करणाऱ्या आपल्याला हे कुणी शिकवायला नकोच.

मग अडतं कुठे? कागदावर. इंग्लंड-वेल्समध्ये १९४९ च्या कायद्याने पायवाटा अधिकृत नकाशावर नोंदवायला सुरुवात झाली. नोंदलेली वाट जमीनमालकाला अडवता येत नाही. आपल्याकडे २०२५ मध्ये शेतरस्ते सातबाऱ्यावर नोंदवायचा निर्णय झाला, पण तो शेतापर्यंत ट्रॅक्टर जावा म्हणून. जंगलातून आणि खासगी जमिनीतून जाणाऱ्या घाटवाटेचा त्यात विचार नाही. उद्या कुणी फार्महाऊससाठी कुंपण घातलं तर दाद कशाच्या जोरावर मागणार? आणि कुंपण नाही पडलं, तरी दोन-तीन पावसाळे पाय पडले नाहीत की कारवी आणि दगडगोटे वाट गिळतातच.

पावसाळ्याचंही बोलायला हवं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली, ८० हून जास्त माणसं गेली. पोलादपूरच्या साखर सुतारवाडी आणि केवनाळेतही बळी गेले. त्यामुळे जुलैचे रील्स बघून इथे चालायला निघणं हा शुद्ध वेडेपणा आहे. या वाटांचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गावालाही तोच सोयीचा: भात झोडून झालं की हात रिकामे होतात, आणि तेव्हाच तरुण पोरं मुंबईची एसटी धरतात.

जायचं असेल तर शिवथरघळीत राहण्या-जेवणाची सोय आहे. बाकी गावांत आधी बोलून ठेवा, आणि वाटाड्या तिथलाच घ्या.