‘नाही’ म्हणणारा वैमानिक

रात्री दोन वाजता घरच्या माणसाला अपघात झाल्याचा फोन येतो, तेव्हा हवामानाची चौकशी कोणी करीत नाही. हेलिकॉप्टर आहे ना, मग ते निघत का नाही, एवढेच आपण विचारतो. प्रश्न रास्तच आहे. पण त्याचे उत्तर ज्याला द्यावे लागते, त्याच्या खुर्चीत क्षणभर बसून पाहायला हवे.

अमेरिकेत रुग्णालयाने चालवलेली हेलिकॉप्टर सेवा १९७२ साली डेन्व्हर येथे सुरू झाली. पुढे ती देशभर पसरली, रात्रंदिवस चालू लागली, आणि तिची किंमतही त्या देशाने मोजली. १९८३ ते २००५ या काळातील अशा १८२ अपघातांचा अभ्यास जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी केला. उजेडी झालेल्या अपघातांपैकी २४ टक्के प्राणघातक होते, अंधारातल्यांपैकी ५६ टक्के. २७ सप्टेंबर २००८ रोजी, मध्यरात्रीच्या सुमारास, मोटार अपघातात जखमी झालेल्या दोन मुलींना घेऊन मेरीलँड राज्य पोलिसांचे हेलिकॉप्टर निघाले. वाटेत धुके लागले आणि ते झाडांत कोसळले. पाचांपैकी चौघे गेले. एक मुलगी तेवढी वाचली.

दिवसा ढग समोरून येताना दिसतो. रात्री तो आत शिरल्यावर कळतो. क्षितिज दिसेनासे झाले, की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा खोटी साक्ष देऊ लागते. यंत्र एका कुशीवर कललेले असते आणि शरीर म्हणते, सरळ चालले आहे. अंधारात पाहण्याचे चष्मे निघाले आहेत. स्वित्झर्लंडच्या ‘रेगा’ संस्थेने ते १९८७ पासून वापरले. मंद चांदणेही ते उजळून दाखवतात. दाट धुक्यापुढे मात्र त्यांचेही काही चालत नाही.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. तिथे तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत. त्यात कोणावर संशय नव्हता. मोहाचा आणि दबावाचा भार एकट्या माणसावर पडू नये, एवढाच हेतू. हेलिकॉप्टर सेवेनेही असेच शहाणपण कमावले आहे. अनेक ठिकाणी रुग्ण लहान मूल आहे की म्हातारा, हे वैमानिकाला सांगतच नाहीत. त्याने फक्त आकाश पाहायचे. आत बसणाऱ्या परिचारिकेने वा वैद्यकीय सहायकाने ‘नको’ म्हटले, तरी उड्डाण रद्द होते आणि त्याचा जाब विचारला जात नाही.

एका बँकेने नाकारलेला कर्जदार दुसरीकडे जाऊन पहिला नकार लपवतो, हे मी पुष्कळ पाहिले. अमेरिकेतही एका सेवेने हवामानामुळे नाकारलेली फेरी, ती गोष्ट न सांगता, दुसरीच्या गळ्यात मारली जाई. जानेवारी २००२ ते जानेवारी २००५ या तीन वर्षांत तिथे हवाई रुग्णसेवेचे ५५ अपघात होऊन ५४ माणसे मेली. त्यांतल्या ३५ अपघातांत विमानात रुग्ण नव्हताच! रुग्ण नसताना नियम सैल असत. जणू परिचारिकेच्या जिवाचे मोल कमी. २०१४ साली नियम कडक झाले, तेव्हा कुठे ही फट बुजली.

आपल्याकडे ही सेवा आता बाळसे धरते आहे. ऋषिकेशच्या एम्सचे हेलिकॉप्टर ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले आणि मे २०२५ मध्ये केदारनाथला उतरताना भर दिवसा अपघातात सापडले. सुदैवाने सारे बचावले. उद्या रात्रीच्या उड्डाणांची मागणी होईल, आणि ती व्हायलाही हवी. मात्र त्याआधी नकाराचा नियम लेखी हवा. मंत्र्याच्या फोनने किंवा नातेवाइकांच्या आक्रोशाने तो वाकता कामा नये.

आणि ‘नाही’ म्हणणे त्यालाच परवडते, ज्याच्यामागे दुसरी वाट उभी असते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. ती गाडी वेळेवर, डॉक्टरसह आणि धड रस्त्यावरून पोचली, तर धुक्याच्या रात्री कोणा वैमानिकाला एका जिवासाठी चौघांचे जीव पणाला लावावे लागणार नाहीत. हेलिकॉप्टरच्या खरेदीआधी या साध्या गोष्टीचा हिशेब जुळवावा.