दोन लाखांचे गणित

मे 1970. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात पेटून उठलेल्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या कूरांट इन्स्टिट्यूटमधला एक अवाढव्य संगणक ओलीस धरला. सीडीसी 6600 हे त्याचे नाव. मालक अमेरिकेचा अणुऊर्जा आयोग. ब्लॅक पँथर पक्षाच्या एका कार्यकर्त्याच्या जामिनासाठी 1 लाख डॉलर द्या, ही मागणी. पुढे काही जणांनी यंत्र जाळून टाकण्याची तयारी केली. तिथे धावून गेले ते गणिताचे प्राध्यापक. त्यांनी आगीची सामग्री निकामी केली आणि संगणक वाचला. हे यंत्र संस्थेत आणण्यासाठी खटपट केलेले पीटर लॅक्स त्यांच्यात होते. त्यांचा जन्म 1 मे 1926 चा. शंभरी वर्षभरावर आली असताना, 16 मे 2025 रोजी ते गेले.

बुडापेस्टचा हा ज्यू मुलगा 1941 च्या अखेरीस, पंधराव्या वर्षी, युरोपातून निसटून अमेरिकेत पोहोचला. एकोणिसाव्या वर्षी सैनिक म्हणून त्याची रवानगी लॉस अलामॉसला, अणुबॉम्बच्या प्रकल्पावर, झाली. स्फोटातून निघणारी आघातलाट कशी पसरते, हे तिथे आकड्यांनी सोडवायचे होते आणि कागद-पेन्सिलीच्या जुन्या युक्त्या तोकड्या पडत होत्या. त्या गरजेतून जे गणित वाढले, त्यावर आज विमानाच्या पंखांभोवतीच्या हवेचाही हिशेब होतो. 2005 साली लॅक्स यांना आबेल पारितोषिक मिळाले. या गणितामागचा पैसा मात्र दीर्घकाळ अणुऊर्जा आयोगाचा, म्हणजे ज्या खात्यात बॉम्ब होत होते त्या खात्याचा होता. विद्यार्थ्यांचा संताप अगदीच अनाठायी नव्हता, हे लॅक्स यांचे स्मरण करतानाही मान्य केले पाहिजे. गणिताला शस्त्रांच्या दारात उभे राहावे लागू नये, असे वाटत असेल, तर नागरी तिजोरीने त्याचा भार उचलायला हवा.

इथे विषय थेट पुण्यात येतो, हवामानाच्या हिशेबाकडे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्का’ नावाचा महासंगणक आहे, क्षमता 11.77 पेटाफ्लॉप्स. त्याचा जोडीदार ‘अरुणिका’ नोएडात. 26 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांनी दोन्ही देशाला अर्पण केले. प्रकल्पाचा खर्च 850 कोटी. मे 2025 मध्ये याच संस्थेने तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली आणि अंदाजाच्या जाळीचा चौकोन 12 किलोमीटरवरून 6 वर आला. ज्यांनी पावसाळ्यात महाबळेश्वरहून वाईला पसरणीचा घाट उतरला आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको. वर धुक्यात धो धो, खाली भुरभूर. तीसेक किलोमीटरच्या रस्त्यात पावसाचे सगळे गणित बदलते. मोठ्या चौकोनाला हा घाट दिसतच नाही. जूनमध्ये पेरणी करू की थांबू, या विवंचनेत असलेल्या शेतकऱ्याला जिल्ह्याचा अंदाज पुरत नाही, आपल्या शिवाराचा लागतो. दुबार पेरणीचे बियाणे पुन्हा उधारीवरच येते.

पण चौकोन निम्मा केला की काम दुप्पट होत नाही. चौकोनांची संख्या चौपट होते, आणि हिशेबाचे पाऊलही, म्हणजे दोन हिशेबांमधले अंतर, निम्मे करावे लागते, म्हणजे काम आठपट. हे पाऊल लहान का करायचे, याचे उत्तर 1928 सालचे आहे. जर्मनीतल्या गटिंगेनच्या कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तिघांनी ते दिले, तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगणक जन्मालाही आला नव्हता. साध्या पद्धतीत वारा एका चौकोनातून पलीकडे जाण्याआधी हिशेबाचे पुढचे पाऊल पडले पाहिजे. उंचावरचा वारा सेकंदाला शंभर मीटरने धावत असेल, तर सहा किलोमीटर तो मिनिटात ओलांडतो. तुम्ही पाच मिनिटांनी हिशेब केलात, तर आकडे फुगत फुगत निरर्थक होतात, मग यंत्र कितीही वेगवान असो. आयोगाने ज्या संस्थेला संगणक दिला होता, ती याच कूरांट यांनी नाझींच्या जाचाने देश सोडल्यावर न्यूयॉर्कमध्ये उभी केली. आणि फ्रीडरिक्स हे लॅक्स यांचे गुरू. पुढे कॅनडाच्या सरकारी हवामान सेवेतल्या आंद्रे रॉबेर यांनी हवेचा कण कुठून आला ते मागे जाऊन शोधण्याची पद्धत रुजवली, आणि तेच पाऊल कितीतरी लांब टाकता येऊ लागले. नवीन यंत्र न घेता!

पुण्यात 2018 साली मोठ्या कौतुकाने आलेला ‘प्रत्यूष’ महासंगणक सहाच वर्षांत मागे पडला. त्यात कोणाचा दोष नाही. यंत्राचे आयुष्यच तेवढे. 1928 चा तो निकाल मात्र अजून रोज कामावर आहे. तरी आपल्याकडे मोजले जातात ते पेटाफ्लॉप्स. 2015 च्या राष्ट्रीय महासंगणन अभियानासाठी 4,500 कोटी ठरले, आणि ते योग्यच होते. परम 8000 हा महासंगणक घडवणाऱ्या पुण्याला या अभियानाचा अभिमान वाटणे साहजिक आहे. गणितज्ञांसाठी मात्र सरकारने ‘मॅट्रिक्स’ नावाची योजना आणली, तेव्हा मूळ अनुदान ठेवले वर्षाला 2 लाख रुपये, तेही तीन वर्षे. ज्याला दुसरा कुठलाच आधार नाही, त्याला हे 2 लाखही मोलाचे. तेवढ्यापुरती योजना चांगलीच आहे. पण वादळाची समीकरणे सोडवण्याची नवी रीत शोधायची तर तीन वर्षे कशीबशी प्रश्न समजण्यात जातात.

अमेरिकेतही यंत्रे आणि माणसे यांची सांगड आपोआप बसली नाही. 1982 साली लॅक्स यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने सरकारला बजावले की विद्यापीठांतल्या संशोधकांना मोठे संगणक मिळायला हवेत, आणि त्याबरोबरच संगणनाचे गणित, सॉफ्टवेअर व नव्या माणसांचे शिक्षण यांवरही खर्च हवा. त्यानंतर तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने विद्यापीठांसाठी महासंगणक केंद्रे काढली. समितीने यंत्रांच्या मागणीशेजारीच गणिताची मागणी लिहिली, ही गोष्ट आपण घेण्यासारखी आहे.

850 कोटींचे पाच टक्के म्हणजे साडेबेचाळीस कोटी. ते दहा वर्षांवर पसरले, तर वर्षाला सव्वाचार कोटी. एका तरुण गणितज्ञामागे पगार, प्रवास, विद्यार्थी धरून वर्षाला वीस लाख मोजले, तरी एकवीस जणांची दशकभराची सोय होते. शोधनिबंधांची घाई न करता त्यांना पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत बसू द्यावे. हवामानशास्त्रज्ञांच्या शेजारच्या खोलीत बसू द्यावे. संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानला हे ठरवणे अवघड नाही. पुढचा महासंगणक ज्या दिवशी जाहीर होईल, त्याच दिवशी, त्याच पत्रकात ही एकवीस पदेही जाहीर व्हावीत.