पाटीवरचा चौकोन आणि वगळलेली सहा वर्षे

तीन-चार वर्षांच्या मुलाला गोल, चौकोन, त्रिकोण ओळखावयास आणि काढावयास शिकविणे, ही वरवर पाहता किरकोळ गोष्ट आहे. महागाई, बेकारी, जमीन आणि पाणी यांच्या लढ्यांत गुंतलेल्या कार्यकर्त्याला तिच्याविषयी दोन शब्द ऐकणेही चैनीचे वाटते. हा समज जितका रूढ तितकाच घातक आहे. फ्रीडरिश फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीतील ब्लांकनबुर्ग येथे आपला बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि मुलांच्या हाती लाकडी गोळा, ठोकळा आणि दंडगोल दिला. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने या बालोद्यानांवर बंदी घातली. आरोप नास्तिकतेचा आणि समाजवादाचा होता! फ्रोबेल धर्मनिष्ठ गृहस्थ. समाजवादाशी त्याचा संबंध नव्हता. बंदी १८६० मध्ये उठली, तेव्हा तो हयात नव्हता. लाकडी ठोकळ्यांना भिणारे ते सरकार हास्यास्पद खरे. पण त्या भीतीच्या पोटी एक सत्य दडलेले होते. जे मूल वस्तू स्वतःच्या हाताने पारखावयास शिकते, ते पुढे सांगितलेले सारे मुकाट्याने मानीलच, असा भरवसा कोणत्याही सत्तेला देता येत नाही.

आकार शिकणे म्हणजे आकारांची नावे पाठ करणे नव्हे. साधारणपणे तिसऱ्या वर्षी मुलाला गोल काढता येतो, चौथ्या-पाचव्या वर्षी चौकोन, त्यानंतर त्रिकोण. शंकरपाळ्याचा आकार तर सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत हाती येत नाही. कारण उघड आहे. गोलात रेघ फिरत राहते. चौकोनात ती ठरल्या जागी थांबवून वळवावी लागते. तिरपी रेघ त्याहून अवघड. जी गोष्ट हाताची तीच डोळ्याची. तळावर बसलेला एकच एक त्रिकोण चित्रात पाहिलेले मूल तोच त्रिकोण उलटा धरला की त्याला त्रिकोण म्हणावयास तयार होत नाही, आणि कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन त्याला चौकोन वाटत नाही. म्हणून आकार हातात घ्यावा लागतो, फिरवावा लागतो, त्याच्या कडेवरून बोट न्यावे लागते. चौकोनी रुमाल तिरपा दुमडला की त्रिकोण होतो, हे ज्याने स्वतः करून पाहिले त्याला ते पुन्हा सांगावे लागत नाही.

बाजाराने या शिक्षणाचे काय केले आहे? भाड्याच्या दोन खोल्यांत थाटलेल्या इंग्रजी नावाच्या शाळांत तीन वर्षांचे मूल ‘सर्कल’, ‘ट्रँगल’ असा घोष करते आणि छापील कागदावरच्या ठिपक्यांवरून पेन्सिल ओढते. ठिपके सुटले तर चूक, जुळले तर चांदणी. हे आकाराचे शिक्षण नव्हे, आज्ञापालनाची कवाईत आहे. जुन्या घोकंपट्टीनेच नवे कपडे घातले आहेत. तिची किंमत केवळ धनिक मोजीत नाहीत. गिरणगावातला, औद्योगिक वसाहतीतला कामगारही पोटाला चिमटा घेऊन ती मोजतो. कारण सरकारने त्याच्यासमोर दुसरा मार्ग ठेवलेला नाही.

वस्तुतः हे शिक्षण गरिबांच्या मुलांमध्येच वाढले. मारिया मॉन्टेसोरी यांचे पहिले बालगृह १९०७ साली रोममधील सॅन लोरेन्झो या श्रमिकांच्या वस्तीत उघडले. खाचेत बसणारे भौमितिक आकार बोटांनी चाचपणारी तेथील मुले कष्टकऱ्यांची होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा त्यांच्यापाशी महागडी साधने नव्हती. खडे, बिया, पाने यांनाच त्यांनी साधने केले आणि मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीच त्याच्या अंगणात नेली. ज्या वारली घरांतील मुलांना शाळा ‘काही न येणारी’ समजत होती, त्या घरांच्या भिंतींवर स्त्रिया लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठाने चौक रेखीत आल्या आहेत. वारली चित्रातला माणूस टोकाला टोक जोडलेल्या दोन त्रिकोणांतूनच उभा राहतो. भूमिती त्या झोपडीत होतीच. नव्हती ती तिला ओळखणारी शाळा.

आणि राज्यसंस्था? संविधानाच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत शिक्षण देण्याचे निदेशक तत्त्व होते. त्याला खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने हक्क दिला तो सहा ते चौदा या वयाला. पहिल्या सहा वर्षांसाठी राज्य ‘प्रयत्न करील’, एवढेच उरले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम ११ तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी शासन व्यवस्था ‘करू शकेल’ असे म्हणते. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांमधील फटीत कोट्यवधी मुलांचे बालपण पडले आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत ठरविला. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. धोरणावर बोट ठेवून कोणत्याही आईला न्यायालयात जाता येत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत शाळापूर्व शिक्षण हे पोषणाइतकेच घोषित कार्य होते. ते करावयाचे कोणी? आहार वाटणारी, वजने घेणारी, लसीकरणासाठी घरोघर फिरणारी आणि मोबाइलवर माहिती भरणारी सेविकाच मुलाच्या हाती खडू द्यावयास उरते. केंद्र सरकारने २०१८ साली तिचे मानधन वाढविले ते दरमहा ४,५०० रुपयांवर. २०२१ साली महाराष्ट्रातील सेविकांनी निकृष्ट मोबाइल शासनाला परत केले. डिसेंबर २०२३ मध्ये त्या संपावर गेल्या आणि जानेवारी २०२४ मध्येही संपावर होत्या. जिला राज्य कर्मचारी मानावयास तयार नाही, तिच्याकडून राष्ट्राचा पाया घालण्याची अपेक्षा मात्र ते निःसंकोच करते.

‘आधी पोट, मग पाटी’ असा युक्तिवाद काही सहानुभूतीदारही करतात. खिचडी आणि खडू ही एकाच मुलाची, एकाच अंगणवाडीतली गरज आहे. त्यांतील एकच मागावी असे गरिबांना सांगणे म्हणजे दारिद्र्याची वाटणी शिकविणे होय. श्रीमंताच्या मुलापुढे अशी निवड कोणी ठेवीत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. तीन ते सहा वर्षांच्या शिक्षणाला हक्काचे कायदेशीर स्थान, सेविकेला कर्मचाऱ्याचा दर्जा व वेतन, आणि शिकविण्यासाठी तिला कागदपत्रांपासून मोकळा वेळ. परंतु ‘इंग्रजी शाळेसारखे कागद अंगणवाडीतही द्या’ ही मागणी कार्यकर्त्यांनी चुकूनही करू नये. ती बाजाराच्या विजयाची कबुली ठरेल. कार्यकर्त्यांनी गावातील अंगणवाडीत जाऊन बसावे, मुले काय हाताळतात ते पाहावे आणि ग्रामसभेत त्याचा जाब विचारावा. कष्टकऱ्याच्या मुलाने पाटीवर स्वतःच्या हाताने काढलेला वेडावाकडा चौकोन हा ठिपक्यांवर गिरविलेल्या शंभर सुबक चौकोनांहून मोलाचा आहे. तो त्याचा स्वतःचा आहे, आणि तो काढण्याची संधी त्याला मिळणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे.