आरोग्यविचार : आंतड्यांची वेस

जंतु म्हटला कीं तो मारलाच पाहिजे, असा पुष्कळ सुशिक्षितांचा ग्रह झालेला दिसतो. परंतु निरोगी माणसाच्या मोठ्या आंतड्यांत जंतूंची वस्ती इतकी दाट असते कीं, त्यांची संख्या शरीरांतील एकंदर पेशींच्या संख्येच्या तोडीस तोड भरते. ही वस्ती उठविणें शरीरास परवडणारें नाहीं. भाजी व धान्य यांतील जो चोथा आपल्या पाचकरसांना दाद देत नाहीं, तो हेच जंतु आंबवून आपल्या उपयोगी आणतात. शरीराचा कटाक्ष एवढाच कीं, त्यांनीं वेस ओलांडूं नये.

ती वेस आहे तरी केवढी? पेशींचा एकच थर! आणि त्या पेशीहि चार-पांच दिवसांत गळून नव्या येतात. म्हणून त्यांवर बुळबुळीत स्रावाचा लेप असतो. मोठ्या आंतड्यांत त्याचा आंतला पदर जवळजवळ निर्जंतुक राहतो, हें २००८ सालीं स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं उंदरांत दाखविलें. शिवाय रोज कांहीं ग्रॅम 'आयजीए' नांवाचें प्रतिद्रव्य आंतड्यांत पाझरतें. तें जंतूंना सहसा मारीत नाहीं. त्यांना चिकटून त्यांचे पुंजके करतें, आणि ते मळावाटे निघून जातात.

इतकें करूनहि एखादा चुकार जंतु आंत शिरतोच. त्याचें काय होतें, हें २००४ सालीं मॅकफर्सन व उर या दोघांनीं उंदरांवर प्रयोग करून पाहिलें. कांहीं पेशी त्या जंतूस जिवंतच उचलून आंतड्यालगतच्या लसिकाग्रंथींत नेतात. त्याची ओळख पटून नवें आयजीए तयार होऊं लागतें. मात्र या ग्रंथींच्या पुढें तो जात नाहीं. सर्व शरीरभर बोभाटा न होतां प्रकरण तेथल्या तेथें मिटतें. कित्येक घरांतील तंटेहि असे मिटते तर बरें झालें असतें!

नवजात अर्भकापाशीं मात्र स्वतःचें आयजीए जवळजवळ नसतेंच. तें त्यास आईच्या दुधांतून मिळतें, आणि सर्वांत अधिक पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पिवळसर, दाट दुधांत. उंदरांच्या ज्या पिलांना दुधांतून आयजीए मिळालें नाहीं, त्यांच्या याच लसिकाग्रंथींत इतर पिलांत न आढळणारे जंतु केंटकी विद्यापीठांतील संशोधकांना सांपडले. त्यांचा लेख २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. आणि आपल्याकडे कित्येक घरांत तेंच दूध 'जड' म्हणून पिळून टाकण्याची व बाळास मध चाटविण्याची चाल! ती अद्याप पुरती गेलेली नाहीं. हेतु मायेचाच असतो, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण मधांत कधीं कधीं एका घातक जंतूचीं बीजें असतात, आणि जेथें जुनी वस्ती अजून बसावयाची आहे अशा कोवळ्या आंतड्यांत तीं रुजूं शकतात.