नळाची वेळ आणि धावायची वेळ

पहिल्या दिवशी पहाटे बूट घालून गल्लीतून धावत निघाले, तेव्हा कोपऱ्यावरच्या काकांनी घाबरून विचारलं, "जयभीम ताई, कुणाचं काय झालं?" नर्स पळतेय म्हणजे कुठेतरी पेशंट असणार, हा त्यांचा हिशोब. मी म्हटलं, "काका, पेशंट मीच आहे." खोटं नव्हतं. वॉर्डातल्या रात्रपाळ्या सोडून वस्तीत काम करायला लागले, घरोघरी लोकांचा बीपी मोजत फिरले आणि एक दिवस स्वतःचा मोजला तर १५० वर ९६. वय तेव्हा ४२.

डॉक्टरांनी गोळी दिली, ती आजही चालू आहे. धावायला लागलात म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, हे आधीच सांगते. दोन वर्षांत मी चालण्यावरून धावण्यावर आले, आणि आता येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची तयारी करतेय. पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. गेल्या रविवारी २४ झाले, तीन तासांच्या वर लागले. माझा वेग ऐकून पोरं हसतात. हसू देत.

"आपण दिवसभर राबतोच की, धावायचं कशाला?" हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. त्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. जी बाई दिवसभर बांधकामावर घमेली उचलते, तिला मी पहाटे उठून पळ म्हणणार नाही. तिला झोप आणि पोटभर जेवण हवं. पण आपल्या वस्तीत आता सगळे तसं काम करत नाहीत. रिक्षा चालवणारे, सिक्युरिटीत खुर्चीवर रात्र काढणारे, शिलाई मशीनवर बसणाऱ्या, मोबाईलवर परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, यांचं शरीर दिवसभर अडकून पडतं. बीपी आणि साखर यांच्याच घरात जास्त सापडते मला.

सुरुवात कशी करायची? आधी महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन बीपी, साखर आणि हिमोग्लोबिन तपासा. बायांनी हिमोग्लोबिन तर नक्कीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बाया रक्तक्षयाच्या निघाल्या. १२ च्या खाली असेल तर आधी लोहाची गोळी, आणि ती चहाबरोबर नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. मग एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असा अर्धा तास, आठवड्यातून तीनदा. शेजारणीशी बोलता येईल इतकाच वेग. दम लागून शब्द तुटायला लागले की चालायचं. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबायचं आणि डॉक्टरला दाखवायचं, "उद्या बघू" नाही. आधी दहा किलोमीटर, मग एकवीस, त्यानंतरच मॅरेथॉनचा विचार. मला दोन वर्षं लागली.

खर्च एकाच गोष्टीवर करा: बूट. पंजाबी ड्रेसवर धावता येतं, मी धावते. पावडरचे डबे नकोत. आदल्या रात्री भाकरी, निघताना केळं, आल्यावर अंडी नाहीतर उसळ. लांब अंतरात नुसतं पाणी घटाघट पिऊ नका, रक्तातलं सोडियम उतरून चक्कर, उलटी, झटकेसुद्धा येतात. तहान लागेल तेवढंच प्या. बरोबर ओआरएस ठेवा. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बीपीवाल्यांनी ते घरात बसून सरबतासारखं पिऊ नये.

हे सगळं सोपं आहे. अवघड आहे ती पहाट. आमच्याकडे नळ साडेपाचला येतो आणि सव्वासहाला जातो. रस्ता मोकळा असतो तोही नेमका तेव्हाच. माझ्याबरोबर एक सून धावायला यायची, माझ्यापेक्षा चपळ. दहा किलोमीटर सहज करायची. तीन महिन्यांत तिचं येणं बंद झालं. पाय दुखला नाही, आजारी पडली नाही. पाणी भरायला घरात दुसरं कुणी उठत नव्हतं. घरात दोन धडधाकट पुरुष आहेत. रस्त्यात मुतारी फक्त पुरुषांची, बायांच्या शौचालयाला कुलूप, हा दुसरा त्रास. त्यावर वॉर्ड ऑफिसला अर्ज दिलाय. पण घरातल्या हंड्याचा अर्ज कुठे द्यायचा?

बारामतीच्या लताबाई करे साठी उलटल्यावर नऊवारीत, अनवाणी धावून जिंकल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते म्हणून. त्यांच्यावर सिनेमा निघाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यांचं कौतुक आहेच. पण तपासणीसाठी बाईला धावावं लागलं, याची लाज कुणाला वाटली? बाईने गरजेपोटी धावलं तर टाळ्या, आणि स्वतःच्या तब्येतीसाठी धावली तर "हिला काय काम नाही".

माझा मुलगा आता बारावीला आहे. सुरुवातीला कुरकुरला, हंडे वाजवून राग काढायचा. आता साडेपाचचा गजर त्याच्याच मोबाईलवर लागतो. त्या सुनेच्या घरी मी मागच्या आठवड्यात गेले होते. तिचा दीर म्हणाला, "बघतो ताई." रविवारी आम्ही पाचला विहाराच्या फाटकापाशी जमतो. तिचे बूट अजून माझ्याकडेच आहेत.