पुसलेली पाटी

माझा उजवा खांदा एव्हाना वाचकांच्या चांगल्या ओळखीचा झाला आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पितळी हंडा उतरवताना तो जो रुसला, तो अजून रुसलेलाच. शेक झाला, तेल झालं. शेवटी दादरला ॲक्युपंक्चरसाठी बुधवारची वेळ घेतली. फोनवरच्या मुलीने तयारी सांगितली : सैल कपडे घाला, उपाशीपोटी येऊ नका, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. "आणि काका, सकाळी जीभ घासू नका हं. मॅडम जीभ बघतात."

ही म्हणाली, "या सुया आपल्या डॉ. कोटणीसांनीच आणल्या ना?" नाही. सोलापूरचे कोटणीस परळच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकले, १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला, स्वतःच कोटणीस झाले. सुया आणल्या त्या पथकातल्याच डॉ. बिजय बसूंनी. ते १९५८ मध्ये पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून आले आणि कोलकात्यात उपचार करू लागले.

सुयांची मला धास्ती नाही. माझं घोडं अडलं जिभेपाशी. रंग कसा, थर पांढरा की पिवळा, कडेला दातांचे वळ आहेत का, यावरून म्हणे त्यांना आतलं कळतं. घासलेली जीभ म्हणजे पुसलेली पाटी.

पण आमच्यात डॉक्टरकडे जायचं म्हणजे आधी दाढी, मग धुतलेला बनियन. आजारी असलो तरी गबाळे दिसता कामा नये. त्यात आमची तांब्याची जिभली आईने तांबाकाट्यावरून आणलेली. मधोमध झिजून पातळ झालीय, पण मोरीतल्या खिळ्यावरची तिची जागा पन्नास वर्षांत बदललेली नाही. गिरगावातल्या चाळीत माणूस चेहऱ्याआधी जिभलीच्या आवाजाने ओळखला जातो. नानांचं लांबलचक 'ऑऽऽक', काकूंचं तोंडावर पदर धरल्यासारखं, आणि माझे सहा वाजताचे तीन खणखणीत. त्यावर तिघांचे तरी चहा चढतात.

आज बुधवार. सकाळी मोरीत दात घासले, चूळ भरली आणि मुकाट्याने बाहेर आलो. सव्वासहाला दारावर थाप. नाना.

"काय रे, बरा आहेस ना? आवाज नाही आला."

मी सगळं सांगितलं.

"असं होय? काढ बघू."

नानांनी मला गॅलरीतल्या उजेडात नेलं, चष्मा कपाळावर चढवला, जीभ इकडून पाहिली, तिकडून पाहिली.

"काल रात्री पान खाल्लंस."

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

"अहो, पेपरात छापून पान सोडलं होतंत ना तुम्ही?"